खालचे काका

आमच्या सोसायटीत सात मजले, अठ्ठावीस बिऱ्हाडं आणि एक खुर्ची आहे.

खुर्ची प्लास्टिकची. मूळचा रंग मरून असावा; आता वाळत घालून विसरलेल्या मिरचीसारखा झाला आहे. मागच्या डाव्या पायाला सुतळी गुंडाळलेली. ती पार्किंगमध्ये लिफ्ट आणि फाटक यांच्या मधोमध अशा बेतानं मांडलेली असते, की आत येणारा, बाहेर जाणारा आणि ‘नको, आज जिन्यानंच जातो’ म्हणून सटकू पाहणारा असे तिघंही तिच्या टप्प्यात येतात. सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ त्या खुर्चीत काका असतात. राहतात सातव्या मजल्यावर, पण सगळी सोसायटी त्यांना ‘खालचे काका’ म्हणते. एकदा त्यांच्या नावाचं रजिस्टर पत्र आलं. वॉचमननं पाटी न बघताच ‘या नावाचं कोणी नाही इथं’ म्हणून पोस्टमनला वाटेला लावलं. काका समोरच होते म्हणून बरं. ‘अरे, तो मीच,’ ते म्हणाले. वॉचमननं तरी त्यांना आधार कार्ड मागितलं.

असा एक माणूस प्रत्येक सोसायटीत असतो. हाफ शर्टाच्या खिशात पेन, हातात पेपराची आतली पानं (बाहेरची वॉचमनला दिलेली), आणि तोंडात एक कायमचा प्रश्न : ‘काय, आज लवकर?’ हा प्रश्न ऑफिसला निघालेल्याला चालतो, ऑफिसातून आलेल्यालाही चालतो. घड्याळात काही वाजलेलं असो, माणूस थबकतो आणि आपण खरंच लवकर आहोत का, याचा विचार करतो. तेवढ्यात काकांनी त्याच्या पिशवीत कोथिंबीर आहे की औषधं हे पाहून घेतलेलं असतं. आमच्या फाटकावर आता ॲप आलं आहे. पाहुणा आला की ॲप आपल्याला फोनवर परवानगी विचारतं. काका पाहुण्याला कारण विचारतात.

हा नुसता चोंबडेपणा आहे असं मला पहिली दोन वर्षं वाटत होतं. मग हळूहळू लक्षात आलं, की काका ही व्यक्ती नसून इमारत आहे. लाकडी जिन्याची, तीन मजल्यांची, गिरगावातली. ती केव्हाच पडली. पण तिचं मोजमाप काकांच्या अंगात राहिलं आहे.

चाळ केशवजी नाईकांच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर होती, असं काका सांगतात. त्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, त्यामुळे तिच्यापासून अंतर मोजायची गिरगावकरांना सवयच असते. पण काकांची हाक लक्षात घेता हे अंतर पार डोंगरीपर्यंत भरेल. त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून अंगणातल्या भाजीवाल्याला ‘दोडका कवळा आहे का रे?’ विचारण्यासाठी तयार झालेला आहे. मुलगा कॅनडात असतो. रविवारी त्याच्याशी फोनवर बोलणं चालू झालं की काकांना फोनची गरज काय, असा प्रश्न पाचव्या मजल्यापर्यंत सगळ्यांना पडतो.

खोली दहा बाय बारा. माणसं सात. त्यात एक मोरी, एक पोटमाळा, आणि वर्षातले निदान तीन महिने गावाहून ‘आठ दिवसांसाठी’ आलेला कोणीतरी. रात्री सगळे पट्टीवर आखल्यासारखे झोपत. कूस बदलायची तर शेजारच्याला विचारून, नाहीतर सातही जणांनी एकदम. काका आजही डबल बेडच्या कडेला दीड फुटात झोपतात आणि सकाळी त्याच रेषेत उठतात. उरलेल्या पलंगावर काकू इस्त्रीचे कपडे ठेवतात. दोन बेडरूम असल्या तरी काकांचा वावर हॉलमध्येच. पलीकडच्या खोलीत काही आणायला जायचं म्हणजे ते आधी काकूंना सांगून जातात, गावाला निघाल्यासारखे.

चाळीत पाणी पहाटे साडेचारला यायचं आणि सव्वापाचला जायचं. इथं नळाला चोवीस तास पाणी आहे. तरी साडेचारला काकांचे डोळे उघडतात. ते उठतात, बाथरूममधलं पिंप भरतात, पितळी कळशी भरतात, पिंपावर झाकण ठेवतात, झाकणावर तांब्या उपडा घालतात आणि जिंकल्यासारखे पुन्हा झोपतात. काकूंनी एकदा पिंप मोलकरणीला देऊन टाकलं. काका तीन दिवस गप्प बसून होते. चौथ्या दिवशी काकू स्वतः जाऊन नवं घेऊन आल्या.

संडास गॅलरीच्या टोकाला होते. मजल्यावर दहा बिऱ्हाडं, संडास दोन, आणि त्यांतल्या एकाची कडी पूर्वापार तुटकी. म्हणून आत बसलेल्यानं गुणगुणत राहायचं, असा शिरस्ता होता. गाणं थांबलं की बाहेरचा दार ढकलणार. काकांच्या फ्लॅटमध्ये दोन संडास आहेत, दोन्हींना आतून कडी आहे आणि घरात माणसं दोनच आहेत. काका अजून गुणगुणतात. मुखड्यावरून अंतऱ्यावर आले की काकू चहाचं आधण ठेवतात.

घर सोडलं कसं, हे काका तीन वाक्यांत सांगतात. भाडं १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं गोठलेलं; इतकं, की महिन्याच्या भाड्यात पुढेपुढे एक वडापावही येईना. ‘मालक जिना दुरुस्त करत नव्हता आणि आम्ही भाडं वाढवत नव्हतो. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. जिना तेवढा पडला.’ मग पागडीतला मालकाचा वाटा मालकाला देऊन, उरलेल्यात फंडाचे पैसे घालून काका ठाण्याला आले. पहिल्या दिवशी त्यांनी चाळीतल्यासारखं दार सताड उघडं टाकलं आणि पडदा लावला. दुपारपर्यंत शेजारच्या दोन घरांतून ‘काही प्रॉब्लेम आहे का?’ अशी विचारणा झाली. तिसऱ्या दिवशी चेअरमननी सेफ्टी डोअर बसवणाऱ्याचा नंबर पाठवला. आठव्या दिवशी काका खुर्ची घेऊन खाली उतरले.

खुर्चीवर पहिलं संकट आलं ते सर्वसाधारण सभेत. सप्टेंबरअखेर ही सभा घ्यावीच लागते, म्हणून ती होते. विषयपत्रिकेवर नऊ नंबरला होतं : ‘पार्किंगमधील खाजगी फर्निचर हटविणेबाबत.’ गणसंख्या भरली नाही म्हणून सभा तहकूब झाली आणि अर्ध्या तासानं त्याच जागी त्याच नऊ माणसांत ती कायदेशीरपणे भरली. सभा पार्किंगमध्येच होती. भाड्यानं आणलेल्या खुर्च्यांपैकी एकीचा पाय मोडलेला निघाला, तेव्हा काकांनी उठून आपली खुर्ची चेअरमनना दिली. त्यामुळे खुर्ची हटवण्याचा ठराव चेअरमननी त्या खुर्चीत बसूनच मांडला.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून घडी घालून घालून फाटायला आलेलं कात्रण काढलं. दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली सांगितलं होतं, की इमारतीच्या खांबांखालची मोकळी जागा हा काही स्वतंत्र गाळा नव्हे. बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही, ती सगळ्यांची समाईक. ‘सगळ्यांची, म्हणजे अठ्ठाविसावा हिस्सा माझा,’ काका म्हणाले. ‘खुर्चीला एवढा लागतही नाही. उरलेल्यात तुमची दुसरी गाडी उभी असते, ती राहू द्या.’ चेअरमनची दुसरी गाडी हा विषयपत्रिकेवर नसलेला, पण सर्वांच्या मनातला विषय होता. नवाचा ठराव पुढच्या सभेवर ढकलण्यात आला आणि सभा वडा-सांबाराकडे वळली.

त्या संध्याकाळी मी काकांशेजारी पायरीवर टेकलो. जिंकलेल्या माणसाला बरं वाटावं म्हणून म्हटलं, “चाळीत किती आपुलकी असायची ना काका! आता ते दिवस राहिले नाहीत.”

काकांनी माझ्याकडे, दोडका जून निघाल्यावर बघावं, तसं पाहिलं.

“आपुलकी कसली हो? नळ एक होता.”

“म्हणजे?”

“म्हणजे नळ एक, जिना एक, वाळत घालायची दोरी एक. न बोलून सांगता कुणाला? आमच्या शेजारच्यांचं धोतर आमच्या वडलांच्या अंगावर ठिबकलं. अकरा वर्षं बोलणं बंद! आणि वडलांना अटॅक आला तेव्हा त्याच माणसानं त्यांना पाठुंगळी घेऊन तीन मजले उतरवले. उतरवताना सुद्धा बोलला नाही.” काका थांबले. “आता त्याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा. माझ्या मते त्याला दिसत होतं. आमच्या उघड्या दारासमोरून गेल्याशिवाय त्याला आपल्या दारात जाताच येत नव्हतं.”

“मग पुन्हा तसं असावं वाटतं?”

“मुळीच नाही,” काका जवळजवळ ओरडले. म्हणजे त्यांच्या हिशोबानं हळूच बोलले. “संडास घरात आला हे देवाचे उपकार. फक्त त्याच्याबरोबर माणूसही आत गेला. आता त्याला बाहेर काढायला काहीतरी निमित्त नको?”

निमित्तांचे प्रयोग काकांनी बरेच केले होते. चाळीत दुसऱ्याची वाटी रिकामी परत करत नसत. साखरेची आली तर पोह्यांची जाई, पोह्यांची गेली की लोणच्याची येई आणि अशी एक वाटी दहा घरं वर्षभर जागी ठेवी. म्हणून काकांनी काकूंच्या अळूवड्या समोरच्या नव्या जोडप्याकडे धाडल्या. काकूंच्या भांड्यांवर लग्नापासून नाव घातलेलं. डबा हरवायची भीती नाही. पंधरा मिनिटांत मोबाईलवर हात जोडल्याची तीन चित्रं आली. डबा धुऊन, पुसून, रिकामा, दाराच्या मुठीला पिशवीत लटकवलेला मिळाला. पुढच्या महिन्यात त्याच घरातून केकचा तुकडा आला, तो कागदी डब्यात. वर सांगणं, की ‘डबा परत नको हं.’ काका तो कागदी डबा बराच वेळ हातात धरून होते. “चांगली मुलं आहेत,” ते म्हणाले. “त्रास नको म्हणून परतीची वाटच काढून टाकली.”

आणि मग मे महिन्यात पंपाची मोटर जळाली.

खालच्या टाकीत पाणी भरपूर, गच्चीवरची कोरडी. पाणी फक्त पार्किंगमधल्या एका नळाला, गाड्या धुवायच्या. मोटर दुरुस्तीला गेली; मेकॅनिक म्हणाला, आठवडा लागेल. सकाळी साडेसहाला अठ्ठावीस बिऱ्हाडं हातात जे सापडेल ते घेऊन लिफ्टमधून खाली उतरली. कोणाकडे बादली, कोणाकडे कुकर, एकाकडे मुलीच्या वाढदिवसाचा बर्फाचा टब. समोर, नळाच्या उजव्या हाताला, खुर्चीत काका. साडेचारपासून.

“एका खेपेला दोन बादल्या,” काकांनी जाहीर केलं. तो आवाज त्या दिवशी पहिल्यांदा योग्य मापाचा वाटला. “घरात आजारी किंवा तान्हं असेल त्याला आधी. बादली ठेवली म्हणजे नंबर लागला. चप्पल ठेवली तर लागला नाही. आणि नळाखाली दात घासायचे नाहीत.” चेअरमननी हातातला ब्रश खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी ४०२ आणि ६०३ मध्ये जुंपली. दोघींच्या बादल्या निळ्या, कोणाची पुढे होती हा वाद. आवाज चढले, जुनी प्रकरणं निघाली : वरून पडलेलं कुंडीतलं पाणी, खालून येणारा फोडणीचा ठसका, लिफ्टमध्ये न दिलेली ओळख. मी काकांना म्हटलं, “अहो, सोडवा की.”

“भांडू देत,” काका म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. “पाच वर्षं नुसत्या ‘हाय’ म्हणत होत्या. आज बघा, एकमेकींची सगळी माहिती आहे त्यांना.”

त्या गडबडीत बादल्या बदलल्या गेल्या. संध्याकाळी ४०२ वाल्या निळी बादली घेऊन सहाव्या मजल्यावर गेल्या, ती द्यायला आणि आपली आणायला. अर्ध्या तासानं उतरल्या. बादली आपलीच होती. आत दोन कैऱ्या होत्या. तिसऱ्या दिवशी खाली बादल्यांवर नेलपॉलिशनं फ्लॅटचे नंबर घातलेले दिसले, खुर्चीच्या शेजारी आणखी दोन खुर्च्या दिसल्या आणि समोरच्या नव्या जोडप्यातला मुलगा काकांना विचारताना ऐकू आला, “काय काका, आज लवकर?”

त्याच संध्याकाळी मेकॅनिक मोटर घेऊन हजर. आठवड्याचं काम त्यानं तीन दिवसांत उरकलं होतं. मोटर बसली, बटण दाबलं, ती एकदा कण्हली आणि चालू झाली. वर कुठेतरी गच्चीत पाणी पडल्याचा आवाज आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, रिकाम्या बादल्या उचलल्या आणि लिफ्टसमोर गर्दी केली.

काका खुर्चीतून उठले. नळ घट्ट पिळून बंद केला, आणि मेकॅनिकजवळ जाऊन पडेल आवाजात म्हणाले, “एवढ्यात झालं?”

मेकॅनिकला वाटलं, बिलाबद्दल बोलतायत. त्यानं दोनशे रुपये कमी केले.