उजेडवाले भाऊ

अमरावतीच्या राजकमल चौकात "लॅपटॉप लयच हळू चालते" असं नुसतं पुटपुटलात तरी कुठून तरी भाऊ प्रकटतात. "विंडोज काढून फेका राजेहो, लिनक्स टाकून देतो!" पेन ड्राइव्ह किल्ल्यांच्या जुडग्यालाच लटकलेला असतो. पैसे घेत नाहीत. चहा घेतात, आणि तुमचा अख्खा रविवार.

त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपचं दुखणं एकच, उजेडाचं बटण. मे महिन्यात ते बहिणीकडे अकोल्याला निघाले, सोबत मी. बडनेऱ्याला गाडीत बसल्यापासून मूर्तिजापूरपर्यंत भाऊ बटण दाबत होते. कोपऱ्यातली पट्टी शंभरावर जायची, शून्यावर यायची. उजेड जागचा हलेना. खिडकीतून रणरणतं ऊन, आणि स्क्रीनवर फक्त भाऊंचा घामेजलेला चेहरा.

"बाकी सारं मस्त चालून राह्यलं," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

बहिणीकडे पाण्याचा गिलास हाती यायच्या आत टर्मिनल उघडलं. बॅकलाइटच्या फोल्डरात दोन नावं निघाली, एक एसीपीआयचं, एक इंटेलचं. बटणाचा हुकूम पहिल्याला, दिवा दुसऱ्याच्या ताब्यात. सातबारा एकाच्या नावावर, वहिती दुसऱ्याची. वऱ्हाडात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. खात्री करायला भाऊंनी इंटेलच्या फाइलीत थेट शून्य लिहिलं. खात्री झाली. स्क्रीन ठार काळी. भाच्याने मोबाइलचा टॉर्च तिरका धरला, तेव्हा कुठे पुसट अक्षरं दिसली आणि भाऊंनी ९३७ हा कमाल आकडा टाकला. लख्ख उजेड! खरं तर काम झालं होतं. पण ते बटणानं व्हायला पाहिजे होतं.

"दादा, खिडकीचा पडदा लावून घे न," बहीण म्हणाली, "काम भागते." भाऊंनी मान वर केली नाही.

जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटरची डांबरी पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत पडली, गिनीज बुकात गेली. भाऊंना लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रबच्या फाइलीत एसीपीआय बॅकलाइटपुढे 'नेटिव्ह' हा एक शब्द लिहायला सहा दिवस लागले. मग अपडेट-ग्रब, रीबूट, आणि रात्री दीड वाजता सारं घर उठवून उजेड वर-खाली करून दाखवला.

बटण आता झकास चालतं. भाऊ उजेड मात्र कायम ९३७ वरच ठेवतात. त्याच्या खाली उन्हाळ्यात काही दिसत नाही.