कुठे उतरणार?

गावाकडच्या लग्नात अनोळखी माणूस शेजारी येऊन बसला की त्याचा पहिला प्रश्न असतो, 'आडनाव काय?' आणि दुसरा, 'मूळचे कुठले?' तिसरा प्रश्न कोणी तोंडाने विचारत नाही, कारण पहिल्या दोहोंतून त्याचं उत्तर मिळालेलं असतं. आडनाव कुलकर्णी असेल तर काम पटकन उरकतं. पाटील असेल तर मात्र विचारणाऱ्याची पंचाईत होते. मग गाव, तालुका, मामाचं आडनाव, कुलदैवत असं करत करत तो बिचारा घामाघूम होईपर्यंत चौकशी चालते. उत्तर सापडलं की एकतर चेहरा खुलतो, नाहीतर 'असं, असं' म्हणत तो वाढप्यांकडे बघू लागतो.

मध्य रेल्वेच्या लेडीज डब्यात ही चौकशी कोणी करत नाही. तिथे प्रश्न एकच, 'कुठे उतरणार?' तुम्ही कुठून आलात, कोणाच्या कोण, याच्याशी डब्याला देणंघेणं नाही. 'घाटकोपर' म्हटलंत की समोरची बाई मान वळवून मागच्यांना जाहीर करते, 'ह्यांची मी घेतलीय हं!' 'दादर' म्हटलंत तर जरा हिरमुसते. आणि 'सीएसएमटी' म्हटलंत की तिच्या लेखी तुम्ही संपलात. पुढच्या मिनिटाला तिने दुसरी घाटकोपर शोधलेली असते. माणसाची किंमत तो कधी उठणार यावर ठरते असं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. राजकारणात अधूनमधून तसं वाटतं, पण तिथे कोणी उठत नाही.

कल्याण ते सीएसएमटी हे अंतर ५४ किलोमीटर. फास्ट गाडीलाही तासाच्या वर लागतो. रोज जाऊन येऊन एवढा वेळ नवऱ्याशी बोलणाऱ्या किती बायका असतील, हा प्रश्न मी आमच्या ग्रुपमध्ये एकदा विचारला होता. बराच वेळ कोणी थांबेचना हसायचं.

आमचा ग्रुप आठ सतराचा. त्यात नावं फारशी चालत नाहीत. एक 'भायखळा' आहे, एक 'कुर्ला', आणि एक 'मामी', जिला मामी का म्हणतात ते सांगणारी बाई केव्हाच रिटायर झाली. भायखळा एका बँकेत वरच्या जागेवर आहे. तिथे तिच्या केबिनमध्ये जाताना लोक दारावर टकटक करतात. आमच्याकडे ती पंख्याखाली उभी राहून अंताक्षरीत 'ह' आल्यावर कोणालाच आठवणार नाहीत अशी गाणी ओरडून म्हणते.

ही भायखळा मला एकदा पुण्यात एका लग्नात दिसली. पैठणी, नथ, खोपा. चेहरा ओळखीचा वाटत होता, पण कुठला ते लक्षात येईना. तिचंही तेच चाललं होतं. दोघी एकमेकींना चोरून बघत गुलाबजामपर्यंत आलो, आणि एकदम मी ओरडले, 'अगं, भायखळा!' ती 'अय्या!' करत गळ्यातच पडली. शेजारी तिचे यजमान हातात ताट घेऊन उभे होते. आपल्या बायकोला कोणी स्टेशनच्या नावाने हाक मारतं आणि ती ओ देते, हे त्यांना नवीन होतं. पुढे कळलं की ती गाते हेही त्यांना नवीन होतं.

स्टॅन्ली मिलग्रॅम नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अशा ओळखींवर १९७२ साली लिहून ठेवलं आहे. त्याच्या विद्यार्थ्यांनी स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या लोकांचे फोटो काढले आणि नंतर त्याच लोकांना ते दाखवले. रोज शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाचा चेहरा अनेकांना पाठ होता, पण कधी एक शब्दही बोललेले नव्हते. तेच दोघे दूर परक्या गावी भेटले तर मात्र बोलतील, असं त्याचं म्हणणं. आमच्या बाबतीत पुणेसुद्धा पुरलं. मात्र वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून न बोलण्याचा भाग मिलग्रॅमला कल्याणच्या बायकांत सापडला नसता. तिसऱ्या दिवशी पर्स सांभाळायला देतात, आठव्या दिवशी डब्यातली भाजी, आणि महिन्याभरात सासूचं गाऱ्हाणं.

हे गाऱ्हाणं इथेच का निघतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बहिणीला सांगितलं तर ती आईला सांगते. शेजारणीला सांगितलं तर ते सासूपर्यंत जातं. कुर्ल्याला सांगितलेलं कुर्ल्याला उतरतं. माझ्या मुलीच्या पहिल्या नोकरीची जागा निघाल्याचं मला गाडीतच कळलं, ब्लाउजचा शिंपी गाडीतूनच मिळाला, आणि मामींच्या भाच्याचं लग्न तर आमच्याच डब्यात जमलं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये असं मांडलं की नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीतून जास्त येते, कारण जिवलगांना आपल्याला आधीच ठाऊक असलेलंच ठाऊक असतं. लग्नं जमण्याबद्दल त्याने काही लिहिलं असलं तर माझ्या वाचनात नाही. मामींना विचारा.

नवरात्रात तर डब्याला गणवेशच चढतो. नऊ दिवसांचे नऊ रंग वर्तमानपत्रांनी घराघरांत पोचवले. त्याचं शास्त्र धर्मग्रंथांत शोधायला जाऊ नये. लाल, पिवळा, हिरवा यांची अडचण नसते. पंचाईत होते ती राखाडीची. राखाडी साडी हौसेने कोण घेतं? मग आधीच्या रात्री ग्रुपवर उसनवारी सुरू होते. कुर्ल्याला उतरणारी आमची एक शिक्षिका बुरख्यात येते. मोरपंखीच्या दिवशी तिने तो काढला, नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मोरपंखी दुपट्टा सारखा करून फोटोसाठी मधोमध येऊन बसली. त्या दिवशी भायखळा विसरून गुलाबी नेसून आली होती. फोटोत तिला दाराशी उभं केलं, अर्धी.

या अर्ध्या उभ्या केलेल्या बाईवर मी नंतर पुष्कळ हसले, पण थोडं खटकलंही. ग्रुप म्हटला की दाराशी कोणीतरी येतंच. सीटवर रुमाल टाकून चार जणींची जागा धरलेली असते. ताप आलेली एखादी कॉलेजची मुलगी 'आंटी, जरा बसू?' म्हणते, आणि एरवी माउली असलेल्या बायका खिडकीबाहेरचा ठाकुर्लीचा निसर्ग बघू लागतात. डोंबिवलीच्या काही जणी उलट्या कल्याणपर्यंत जाऊन जागा धरून येतात, त्यांच्याबद्दल आमच्या डब्यात जे बोललं जातं ते इथे छापण्यासारखं नाही. पश्चिम रेल्वेवर विरारच्या गाडीत बोरिवलीला उतरणारा चढला तर त्याचं काय होतं, हे अख्ख्या मुंबईला माहीत आहे. आडनाव न विचारणाऱ्या जगातही हद्दी असतातच, फक्त त्या स्टेशनांवरून आखलेल्या. तरी मला ह्या हद्दी बऱ्या वाटतात. बोरिवलीचा माणूस घर बदलून विरारला जाऊ शकतो, आणि गेला की वर्षभरात तोही दारात आडवा उभा राहून इतरांना 'बोरिवली गाडी मागून आहे' असं ऐकवू लागतो.

आमचा ग्रुप फुटला तो भांडणाने नव्हे, टाइमटेबलने. आठ सतराची आठ नऊ झाली. आठ मिनिटं म्हणजे बाहेरच्यांना काहीच नाही. पण मामींच्या सोसायटीत पाणी आठला जातं, कुर्ल्याच्या मुलाची स्कूलबस आठ पाचला येते. निम्म्या जणी आठ नऊला गेल्या, निम्म्या आठ बावीसला. व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव मात्र दोन्हीकडे 'आठ सतरा'च राहिलं, आणि मूळ आठ सतरा कोणती यावर अजून निकाल लागलेला नाही. शिवसेनेच्या बाबतीत लागला तसा तो निवडणूक आयोगाकडे नेता येत नाही.

खंडेनवमीला डब्याची पूजा असते. दाराला झेंडूचं तोरण, खिडक्यांना आंब्याचे डहाळे, मधल्या जागेत देवीचा फोटो, आणि ज्यांना आपण रोज ढकलतो त्यांना हळदीकुंकू. यंदा दोन पूजा झाल्या, दोन वर्गण्या झाल्या. भायखळाने दोन्हीकडे पैसे भरले आणि रजा टाकून सकाळी आधी आठ नऊला गेली, ठाण्याला उतरून मागच्या आठ बावीसमध्ये चढली. असं का केलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, 'तुमच्याकडे पेढे होते, त्यांच्याकडे काजूकतली.'