शिरपूरच्या पाट्या आणि त्यांचा टाइप

वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूर जैन येथील दुकानांच्या जुन्या पाट्यांवरचा टाइप ओळखण्याचा पहिला नियम असा, की तो बहुधा टाइप नसतोच. निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी बाळबोध अक्षरांचे सुबक खिळे एकोणिसाव्या शतकातच पाडले, पण ते पुस्तकांच्या कामाचे. पत्र्यावर किराणा दुकानाचे नाव उमटवायला लागतो पेंटर, इनॅमल रंगाचा डबा आणि मजुरीसाठी थांबण्याची तयारी.

खात्रीसाठी एकच अक्षर दोनदा शोधावे. ‘किराणा व जनरल स्टोअर्स’ यातले दोन्ही र हुबेहूब जुळले तर टाइप, नाहीतर पेंटर. दुसरी खूण उजव्या कडेला. ‘किराणा’ पाय पसरून बसतो आणि ‘स्टोअर्स’ला एसटीत दारापाशी उभे राहावे लागते. फॉन्ट दाबला तर सगळीच अक्षरे सारखी दबतात. शेवटच्या दोघांवरच राग काढणे हाताला जमते.

हात जुना की नवा, हे ठरवायची शिरपुरात आयती सोय आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या तीर्थामुळे देवाचे नाव पाट्यांवर येणे ओघाचेच, आणि ‘पार्श्वनाथ’ ही अक्षरकाराची तोंडी परीक्षा. श, त्याला व, वर रफार. जुन्या वळणाचा हात श आखडून त्याच्या पोटात व बसवतो. नवा हात अर्धा श काढून शेजारी व ठेवतो. रफार एक घर डावीकडे सरकला, की देवाचे नाव बदलते. भाविक मात्र बरोबरच वाचतात.

मग ‘शिरपूर’चा श आणि ‘जनरल’चा ल पाहावा. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल प्रमाण ठरवले. तो निर्णय किती पेंटरांनी वाचला असेल, हा प्रश्न विचारू नये. मराठी शाळेत घोटलेला हात ही अक्षरे आधीपासूनच तशी काढत होता. दंडाचा ल दिसला तर हिंदी वळण समजावे.

वय ठरवायला अक्षरापेक्षा पत्ता बोलका. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, तेव्हा ‘जि. अकोला’ असलेली पाटी साधारण त्याआधीची. पण जिल्हा बदलला म्हणून अख्खी पाटी नव्याने रंगवून घेणारा दुकानदार विरळा. तो तेवढाच शब्द बदलून घेतो. तीन अक्षरी ‘अकोला’च्या जागी तीन अक्षरी ‘वाशिम’ बिनबोभाट मावतो. प्रशासनाने पेंटरची इतकी सोय क्वचितच पाहिली असेल. पुढे ऊन-पावसाने वरचा रंग विटला, की ‘शि’च्या डोक्यावर ‘को’ची मात्रा डोकावू लागते. अशा पाटीची नोंद दोन पेंटर, दोन जिल्हे अशीच करावी लागते.

खरा टाइप येतो तो डीटीपी आणि फ्लेक्सबरोबर. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचा सुरेख. इथे सगळे र सारखे, म्हणून काम सोपे वाटते. पण फ्लेक्सवाला अक्षर आडवे ताणतो, त्याला पांढरी कड देतो, तिच्याभोवती लाल कड, मागे सावली. फॉन्ट घडवणाऱ्यालाही आपले अपत्य ओळखू येऊ नये. श्रीलिपीतला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, तर किराण्याच्या जागी रोमन अक्षरे आणि चित्रविचित्र चिन्हे दिसतात. तशीच पाटी लागली नसेल, तर छापण्यापूर्वी ती कोणीतरी वाचली होती.

उरला मंगल. र. कृ. जोशी यांनी घडवलेला हा फॉन्ट विंडोज २००० पासून संगणकाबरोबरच येऊ लागला. मुळात तो पडद्यावर वाचण्यासाठी. दुकानाच्या पाटीवर सापडला, तर डिझाइनची मजुरी कोणीही दिलेली नाही, एवढे खात्रीने नोंदवता येते.