जमिनीपासून चार बोटं

जपानने जगाला स्कायलाइन आणि सुप्रा दिली. आपल्या वाट्याला आली होंडा सिटी व्हीटेक. साल २०००, पंधराशे सीसी, १०६ अश्वशक्ती आणि डिकीत आंब्याच्या पेट्या मावतील एवढी जागा. आता रत्नागिरीच्या हौशी मालकाला ती पुन्हा कोरी करायची आहे. खारा वारा पत्रा खातो, सुटे भाग पाकीट खातात. गंज काढून रंग चढेपर्यंत पुढचा पावसाळा दारात.

मग येते सजावट. गाडी जमिनीपासून चार बोटांवर आणायची, म्हणजे ती वळणावर रस्त्याला चिकटून धावते म्हणे. वळणं इथे मुबलक. पण मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११पासून चालूच असल्याने चिकटायला रस्ता कमी पडतो. सायलेन्सर असा, की मारुती मंदिराला चावी फिरवली की मांडवीला वर्दी पोचावी.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असले बदल मानत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९मध्ये तेच बजावलं. मालक म्हणतो, ‘आधी गाठून तर दाखवा!’ आरटीओला घाई नाही. पंधरा वर्षं उलटलेली गाडी पुनर्नोंदणीसाठी स्वतःच्या चाकांनी त्यांच्या दारात येतेच.