घराण्याची तसबीर : नवशिक्यांसाठी

अभिनंदन. वाडा बिल्डरकडे गेला, सामानाची वाटणी झाली. शिसवी पलंग, घंगाळ आणि समया यांच्यापायी दोन घरांचं बोलणं बंद झालं. तसबिरीवरून मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. ती सगळ्यांनी एकमताने तुम्हाला देऊन टाकली. "तुला जुन्याची आवड आहे ना!" भाऊबंदकीत एकमत इतक्या झटकन होतं ते अशाच वेळी.

घरी आणणे

तसबीर उभी धरावी, काच छातीकडे. चंदनाचा हार आधी काढून पिशवीत टाकावा. हारासकट लिफ्टमध्ये शिरलात तर शेजारी हळहळतात, "कधी झालं?" विचारतात, आणि स्वातंत्र्याआधी वारलेल्या गृहस्थांबद्दलचं सांत्वन तुम्हाला आठव्या मजल्यापर्यंत स्वीकारावं लागतं.

भिंत निवडणे

एक आत्या सांगेल, गेलेल्यांची तसबीर दक्षिणेच्या भिंतीवर हवी. दुसरी सांगेल, तोंड दक्षिणेला हवं. या दोन समोरासमोरच्या भिंती झाल्या, हे त्यांच्या लक्षात आणून देऊ नये. दोघींनाही हो म्हणावं. मग पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत सोडावी, उन्हाची सोडावी, एसीखालची सोडावी, आणि उरेल तिथे लावावी. देवघरात लावायची नाही, यावर मात्र दोघींचं एकमत असतं. ते मोडू नये.

माणसं ओळखणे

खरं काम हे. मधे खुर्चीवर बसलेले ते पणजोबा: पगडी, उपरणं, आणि गरज नसताना हातात काठी. शेजारच्या टेबलावरचं जाडजूड पुस्तक बहुधा फोटोग्राफरचं. मागचा संगमरवरी जिना पडद्यावर रंगवलेला आहे, तेव्हा "आमचं केवढं घर होतं" हे वाक्य जपून वापरावं. खाली सतरंजीवर मुलं. त्यातल्या एकाचं तोंड पुसट असेल तर भुताची गोष्ट रचू नये. त्या काळच्या प्लेटा मंद, सगळ्यांनी निश्चल बसायचं होतं, आणि पोर हललं.

आता कुंकवाकडे बघा. काळं दिसेल. त्यावरून आपल्या घरात बायका बुक्का लावत होत्या, असा शोध एखादे काका लावतात. प्रकार एवढाच, की तेव्हाच्या प्लेटांवर निळा रंग चटकन उमटे आणि लालाचा पत्ताच लागत नसे. लाल होतं ते काळं झालं, निळं होतं ते फिकटलं. पणजीचं लुगडं लाल असेल किंवा संक्रांतीची चंद्रकळा असेल. फोटो दोन्हींना सारखंच काळं करतो.

मग अगदी डाव्या कडेला, पडद्याच्या अर्धी बाहेर, डोक्यावरून पदर ओढलेली एक बाई सापडेल. वस्त्र गडद, कपाळ मोकळं. ते गडद बहुधा आलवण, म्हणजे विधवेचं तांबडं. तिच्याबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं: "होती कुणीतरी आत्या. घरातच असायची. सगळ्यांचं रांधायची." पुरुषांची नावं वंशावळीत मिळतात. बायकांचं माहेरचं नाव लग्नात गेलं आणि सासरचं 'वहिनी', 'काकू', 'माई' यांच्याखाली गडप झालं. म्हणून नात्यातली सगळ्यात म्हातारी बाई गाठावी. दुपारी चहाच्या वेळेला जावं, मोबाइलवर एकेक चेहरा मोठा करून दाखवावा. पणजोबांच्या कर्तबगारीबद्दल ती काही सांगणार नाही. कोणाची पाटली कोणी मोडली, ते सांगेल. तेच लिहून घ्यावं. बखरीत ते नाही. नावं तसबिरीच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो.

"रविवर्म्याने काढलंय"

हे वाक्य प्रत्येक घराण्यात एकदा येतंच. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्याने लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचवल्या; तुमचे पणजोबा त्या यादीत नाहीत. भिंग घेऊन बघावं. रंगाखाली फोटोचा करडा चेहरा दिसला, तर तो मोठा केलेला फोटो, त्यावर हाताने रंग चढवलेला. रंगवणाऱ्याला पगडीचा रंग ठाऊक नव्हता, आणि गुलाबी त्याच्याकडे भरपूर होता, असं गालांवरून वाटतं. शिवाय रविवर्मा १९०६ साली वारले आणि पुरुषांत मनगटी घड्याळ रुळलं ते पहिल्या महायुद्धानंतर. पणजोबांच्या मनगटावर घड्याळ असेल तर वाद संपला. मात्र हे लग्नाच्या पंगतीत बोलू नये.

निगा

कडेने चंदेरी चकाकी आली असेल तर ती खरोखर चांदीच: ओलसर हवेने फोटोतली चांदी पृष्ठभागावर येते. घासू नये, सराफालाही विचारू नये. काचेवर स्प्रे थेट मारू नये, फडक्यावर मारून मग पुसावं. नाहीतर थेंब चौकटीच्या कडेने आत उतरतो. फोटो काचेला चिकटला असेल (कोकणातून आला असेल तर चिकटलाच असेल) तर सोडवायचा मोह आवरावा. ओलीने फुगलेलं जिलेटिन काचेला धरतं. ओढलंत तर कागद हातात येतो आणि पणजोबांचा चेहरा काचेवर राहतो. काचेसकटच स्कॅन करावा, निदान ६०० डीपीआयवर.

मागचा तपकिरी पुठ्ठा ठिसूळ झालेला असतो. त्यातलं आम्ल कागद खातं आणि उरलेला कसर खाते. खळीची तिला फार आवड. आम्लमुक्त पुठ्ठा घालायला सांगावं. फ्रेमवाला "हा पण तसाच असतो साहेब" म्हणेल. ऐकू नये. जुना पुठ्ठा टाकण्याआधी उलटून बघावा, त्यावर मोडीत काहीतरी खरडलेलं असू शकतं. वाचून घेतल्यावर वाणसामानाचा हिशोब निघाला तरी ठेवावा; तेव्हाचे तुपाचे भाव पणजोबांच्या पगडीपेक्षा जास्त सांगतात.

तैलचित्र असेल आणि त्यावर कापलेला बटाटा फिरवा असं कुणी सुचवलं, तर त्या माणसाला पुन्हा घरी बोलावू नये.

पुढे सरकवणे

स्कॅन कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावा. जोडलेल्या हातांची रांग लागेल. अमेरिकेतला चुलतभाऊ "मूळ मला हवी" म्हणेल. दुसऱ्या दिवशी विमानात काच कशी न्यायची, हे त्याच्या लक्षात येईल.

वारस निवडताना इतिहासाची आवड बघू नये, मोकळी भिंत बघावी. वास्तुशांतीचा दिवस उत्तम. यजमान गुरुजी, केटरर आणि पाहुणे यांच्यात अडकलेला असतो, आणि आहेर परत करायची आपल्यात पद्धत नाही. खिळा आणि हातोडी बरोबर न्यावी. दोन्ही आत्यांचा दिशेचा वाद सुरू झाला, की तेवढ्यात ठोकून घ्यावं.