प्रतिरूपाचे मोल

ज्या शाहूवाडी तालुक्याच्या हद्दीत विशाळगड उभा आहे, त्याला अस्सल आणि नक्कल यांतील भेद नव्याने शिकविण्याचे प्रयोजन नाही. १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्याहून याच गडाकडे निघाले, तेव्हा त्यांचे रूप घेऊन पालखीत बसलेल्या शिवा काशीद यांनी त्या प्रतिरूपाचे मोल स्वतःच्या प्राणांनी चुकते केले. हल्ली हे मोल गिऱ्हाईक चुकते करते. मलकापुरातील आमच्या एका स्नेह्यांनी पत्नीच्या हौसेखातर लुई व्हिटॉनची 'पाच वर्षे वापरलेली' पर्स, अस्सलपणाच्या दाखल्यासह, ऑनलाइन मागविली. अस्सल पर्सच्या बंदांचे कच्चे कातडे वापराने मधासारखे गडद होते. हिचे मात्र नवजात अर्भकासारखे गोरेपान होते, आणि पहिल्याच वळिवात पर्सवरील आद्याक्षरेही ओघळली. दाखल्यावरील शिक्का तेवढा शाबूत राहिला. नकलांना पायबंद बसावा म्हणून १८९६ साली योजिलेली ती आद्याक्षरांची नक्षीच आज नकलाकारांचे भांडवल झाली आहे, हा दैवदुर्विलास! स्नेह्यांनी फिर्याद मात्र गुदरली नाही. कारण फिर्यादीत पर्स खोटी असल्याचा कबुलीजबाब द्यावा लागतो, आणि शेजारणींना ती अद्याप खरीच वाटते.