तीन पात्यांचा पंखा

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना अर्धी पवनी वर्गणीगुरुजी म्हणते. समोर कोणी म्हणत नाही, कारण त्यांना समोर गाठलं की ते पावतीपुस्तक काढतात. घाटावर भेटले तरी काढतात. एकदा स्मशानातून परतताना त्यांचा हात खिशाकडे गेलेला मी पाहिला आहे. निघाला मात्र रुमाल.

बिचाऱ्यांचं दुखणं तीन पोरांचं आहे. शाळेचा पट 98. समग्र शिक्षाच्या संयुक्त शाळा अनुदानात 31 ते 100 पटाला वर्षाचे 25,000 रुपये आणि शंभराच्या वर गेलं की 50,000. म्हणजे तीन पोरं आली की पैसा दुप्पट. त्यामुळे गुरुजी गावातल्या प्रत्येक शेंबड्या पोराकडे सावकाराच्या नजरेनं बघतात. बारशाला न बोलावता जातात, पाळण्यात डोकावतात आणि बोटं मोजतात : "सहा वर्षं. तेव्हा मी रिटायर झालेलो असेन." मग उदास होऊन घुगऱ्या खातात.

त्या 25,000 मधले किमान दहा टक्के स्वच्छतेला. उरलेल्यात विजेचं बिल, खडू, फळ्याचा रंग, गळकी कौलं. पालकमेळावा घ्या, मातांचे गट करा, आजी-आजोबांना शाळेत आणा, अशी पत्रं वरून येतात. पण पत्रासोबत चहा येत नाही. गुरुजी अनुदानातला चहाही घेऊ देत नाहीत. "हेड नाही त्याला," म्हणतात. त्यांच्या तोंडी हेड हा शब्द देवासारखा येतो.

म्हणून त्यांनी स्वतःचं अंदाजपत्रक शोधून काढलं आहे. लाल कापडी बांधणीची वही, तीन रकाने : रुपयांत, वस्तूंत, माणसांत. मागच्या मेळाव्याचं पान मी डोळ्यांनी वाचलं. रुपयांत : शून्य. वस्तूंत : दूध दोन लिटर, साखर एक किलो, सतरंज्या चार (एक फाटकी, परत करताना दाखवून देणे). माणसांत : सुतार, अर्धा दिवस. दंडारीत काम केलेले आजोबा, एक, गोष्ट सांगण्यासाठी. त्यापुढे कंसात, 'थांबवण्यासाठी शिक्षक, एक'.

मी या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा सदस्य. शिक्षण हक्क कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश आईबाप आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. कायदा 2009 चा, पण बायांच्या बदल्यात नवरे यायची रीत त्याहून जुनी. पहिल्या सभेला सहा नवरे पान चघळत हजर. गुरुजींनी प्रत्येकाला विचारलं, "सदस्या तुम्हीच का जी?" आणि पाणी पाजून घरी धाडलं.

बाया तरी येणार कशा? पावसाळ्यात धानाची रोवणी, नंतर कापणी आणि हिवाळ्यात मिरचीचा सातरा. दिवसभर मिरचीचे देठ खुडले की रोजी मिळते. सभेला बसलं की ती बुडते आणि त्या बुडालेल्या रोजीला कुठल्याच कागदावर हेड नाही. गुरुजींनी दोन रात्री विचार केला आणि सभाच सातऱ्यावर नेली.

तो दिवस मी विसरणार नाही. लाल ढिगांच्या मधोमध गुरुजी स्टुलावर, तोंडाला उपरणं, हातात तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा. बायांचे हात चालू, कान गुरुजींकडे. "विषय क्रमांक एक, मुलींच्या स्वच्छतागृहाची... आक्छी!" पुढचं वाक्य मी शिंकलो. तिसरं सातऱ्याच्या मालकांनी पूर्ण केलं. बाया मात्र शांत, त्यांची नाकं मुरलेली. त्यांनी आराखड्यातला बगीचा खोडायला लावला आणि नळाला तोटी घालायला लावली. इतिवृत्तात अनुमोदक म्हणून माझं नाव आहे. मी अनुमोदन दिलं नव्हतं, शिंक दिली होती.

आता पंख्याचं. 1969-70 मध्ये शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी इथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं. त्यात निघालेल्या स्तूपाच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांचे लेख आहेत, ब्राह्मीत, दोन हजार वर्षांपूर्वीचे. हे गुरुजींना कुठल्याशा प्रशिक्षणात कळलं आणि पवनीकरांचं दैव फिरलं. "तुमच्या पूर्वजांनी एकेक खांब दिला. तुम्हाला पंख्याचं एक पातं जड?"

तीन घरांत मिळून एक पंखा आला. पेंटरनं तिन्ही पात्यांवर नावं घातली. सवयीनं तिन्हींमागे 'कै.' लावलं. त्यातले दोघे त्या वेळी खाली उभे राहून बघत होते.

'कै.' खरवडून झालं, तरी फजिती संपली नाही. पंखा फिरला की नाव दिसत नाही. दाता पाहुण्यांना घेऊन शाळेत येतो आणि दारातूनच हाक देतो, "गुरुजी, बंद करा ना जी थोडसाक." विदर्भातली जूनअखेरची शाळा, वर्गात 34 पोरं, अंगातून पाणी वाहतंय. पंखा हळूहळू थांबतो. नेमकं त्याचं पातं भिंतीकडे. मग काठीनं फिरवायचं, पाहुण्यांनी मान वर करून वाचायचं, फोटो काढायचा. इकडे मास्तरांचा सतराचा पाढा अकरावर अडकलेला.

परवा सातऱ्यावरची एक म्हातारी आली. नात दुसरीत. पदराची गाठ सोडून शंभराची घडी केलेली नोट गुरुजींपुढे ठेवली. गुरुजींनी पावती फाडली आणि खालच्या आवाजात सांगितलं की पाती तिन्ही गेली.

"पातं नोको जी," म्हातारी म्हणाली. "बटनावर लिवा माहं नाव. ते फिरत नाही."

गुरुजींनी वही उघडून वस्तूंच्या रकान्यात लिहिलं : बटन, एक. म्हातारी दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"अन् त्या पेंटरले सांगजा, मी हाओ अजून."